खोली नंबर सहाचं बिल

माणूस चादरीवरून कळतो,
हे माझ्या बापाचं म्हणणं. मिरजेत त्याची लॉन्ड्री होती,
कॉलरचा मळ बघून सांगायचा
कोण कर्जात आहे, कोण प्रेमात.

इथे नॉर्थम्बरलंडात, मेंढ्या जिथे मोटारींना जुमानत नाहीत
त्या वळणावर, डॉड लोकांची सराई.
आठ खोल्या. पाचवी पायरी करकरते,
ती मुद्दाम दुरुस्त केलेली नाही:
आलेलं कोण आणि किती वजनाचं, ते तीच सांगते.
काहींना वजनच नसतं.
हिल्डा, माझी सासू, त्यांना लोणी जास्त लावते.

चादरी माझ्याकडे.
दलदलीतली बाई उठून गेली की उशीवर लव्हाळं उगवलेलं,
राक्षसाच्या चादरीला तापल्या दगडाचा वास,
आणि भिंतीवरचा तो रोमन शिपाई
सोळाशे वर्षं रजा मंजूर व्हायची वाट बघतोय,
उभ्यानेच झोपतो, चादरीला सुरकुती नाही.
तरी मी दर सोमवारी बदलते.
त्याला बरं वाटतं.

उधारी नाही, एवढाच नियम.
ज्याच्याजवळ जे असेल ते द्यावं.
राक्षसाने एकदा अख्खं छप्पर उचलून धरलं,
एडगरने खालून वासे बदलले.
दलदलवाली हरवलेल्या वस्तू आणते:
एक बूट, कुणाची तरी अंगठी, पुन्हा एक बूट, तोही डावाच.

ऑक्टोबरात सहा नंबरला एक किडकिडीत माणूस उतरला.
सायकल, पाठीवर बोचकं.
उरलेले उन्हाळे उत्तरेला नेऊन ठेवायचं काम त्याचं.
सकाळी खिसे उलटे करून दाखवले
आणि जॅमची एक बरणी टेबलावर ठेवली.
जूनची अर्धी संध्याकाळ, म्हणाला. साडेनऊ ते दहा.

हिल्डाने चिठ्ठी डकवली, तारीख घातली,
बरणी गेली फडताळात, बीटरूट आणि माझ्या लिंबाच्या लोणच्यामागे.
वाईट दिवसासाठी.
आमची नेल रात्री कपाटाच्या फटीला डोळा लावून बसायची.

फेब्रुवारीत वॉल्टर गेला, माझा सासरा.
मला वाटलं, आज उघडेल.
"त्याला आता उजेड कशाला," म्हणाली,
आणि किटली ठेवली.

मातीला सगळे आले. राक्षस चर्चबाहेर गुडघ्यावर बसला होता.
मग बर्फ. रस्ता बंद. आठ खोल्यांत एकोणीस पाहुणे,
ड्रायर जळला, तिसऱ्या दिवशी कोरडी चादर एकही उरली नाही.
मी अंगणात उभी, हातात ओली चादर,
ती फळीसारखी ताठ होत चाललेली,
आणि मला रडू येत होतं, वॉल्टरचं की चादरींचं कोण जाणे.

मागचं दार वाजलं. हिल्डा, कोट न घालता.
"किती वेळ लागेल?"
"वारा असला तर अर्धा तास."
तिने पदराने, म्हणजे एप्रनने, झाकण धरलं आणि फिरवलं.

भिंतीपलीकडे बर्फ पडतच होता.
अलीकडे तिरपं पिवळं ऊन, कापलेल्या गवताचा वास,
पाकोळ्यांची किंचाळी,
आणि चिलटंसुद्धा. बरणीत चिलटंही भरली होती त्या प्रामाणिक माणसाने.
आम्ही पळत सुटलो. एडगर, नेल, शिपाई चिमटे देतोय,
राक्षस दोरी उंच धरून उभा.
बावीस चादरी.
कुणी वर बघायला थांबलं नाही. मी एकदाच बघितलं.

शेवटची हिल्डाने स्वतः घातली.
ती कुठल्या पलंगावरची, ते मी विचारलं नाही;
बापाच्या हाताखाली शिकलेल्या मला ते विचारावं लागत नाही.

दहा वाजले. अंधार, बर्फ, सगळं जागच्या जागी.
त्या चादरीचा एक कोपरा दमट राहिला होता.
"आत शेगडीवर धरू?" मी म्हटलं.
"राहू दे," म्हणाली,
आणि घडी न घालता
तशीच उराशी धरून जिना चढली.
पाचवी पायरी
दोनदा करकरली.